घड्याळ म्हनायचं, हिला काई झालं न्हाई

आदी एक सांगते, मी येडी न्हाई. नाटकीबी न्हाई. हे मला घरात, दवाखान्यात, मैदानावर इतक्यांदा सांगावं लागलं की आता लिवायला बसले तर हातातून पयलं तेच आलं.

लिवायची सवय न्हाई मला. बोलते तसंच लिवते, चुकलं तर चुकलं. बोलताना माजा दम तुटतो, लिवतानाबी तुटंल. पन जिच्या छातीत असं काय तरी हुतंय आन् जिच्या घरात कोन ऐकत न्हाई, तिला हे वाचून दाखवा. ती भ्यालीय, मला म्हाईती हाय. मीबी भ्याले हुते. अजूनबी भिते, आत्ता लिवतानाबी एक हात छातीवर हाय. पन भीत भीत का हुईना, गप बसू नका.

माजी दोन नावं

आमचं गाव काष्टीच्या अलीकडं, उसाचा भाग. नवरा दत्ता दुधाचा टेम्पो चालवतो. सासूला मी आत्या म्हनते. थोरले दीर-जाऊ याच घरात. पोरगी ओवी, अंगनवाडीत जाती.

शाळा माजी अर्धीमुर्धीच. दहावीला गनितात गेले, परत दिली, निघाले, लगेच लगीन. मंग ओवी झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून दिली, पोरगी मांडीवर आन् पुस्तक गुडघ्यावर. कशीबशी निघाले. कारन एकच, पोलीस भरती. मला वर्दी पायजे हुती. अजूनबी पायजे.

आता नावाचं सांगते. माहेरची मी काजल. ल्हान असताना आजीनं जत्रंत माज्या डाव्या मनगटावर नाव गोंदून घेतलं हुतं, चांगलं ठसठशीत. हितं आले तर थोरल्या जावंचं नावबी काजल. एका घरात दोन काजल, हाक मारली की दोघी पळायच्या. म्हनून लग्नात ताटातल्या तांदळात माजं नाव लिवलं, सोनाली. मंग मनगटावरच्या नावाचं काय? आत्या मला काष्टीच्या बाजारात घेऊन गेल्या, मशीनवाल्याकडून त्या नावावर एक मोठं पान गोंदून घेतलं, आख्खं भरीव, काळंशार. खालचं अक्षर दिसू न्हये म्हनून त्येनं दोनदा शाई फिरवली. आत्यांनी रागानं न्हवतं नेलं, लाडानंच नेलतं. वर हिरव्या बांगड्या भरल्या, दोघींनी भेळ खाल्ली. मला तवा काईच वाटलं न्हाई. दुखलं तेवढंच.

ह्या पानानं पुढं माजा जीव घ्यायचा बाकी ठेवला हुता.

पयल्यांदा आलं तवा

कारखान्याच्या रस्त्याला एक मोकळं रान हाय, तितं फौजी सर पोरापोरींना भरतीसाठी पळवत्यात. सर मिलिटरीतून रिटायर झाल्याले. मी सकाळी सैपाक उरकून जायचे, आठशे मीटर मारायचे, गोळा टाकायचे, परत यायचे.

त्या दिवशी आठशे मारून आले, बुटाची नाडी सुटली हुती म्हनून वाकले, आन् खट्. लाईटचं बटन दाबल्यावानी. काळीज असं सुटलं, असं सुटलं की मला वाटलं गळ्यातून भायेर येतंय. पळाल्यावर धडधडतं ते येगळं. ते हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं, त्येची मला वळख हाय. ह्ये एकदम. कोंबडीचे पाय बांधून पिशवीत घातली की ती कशी फडफडती, तसं गळ्याखाली. डोळ्याम्होरं काळं. मी मातीतच बसले. पोरी म्हनल्या, दम लागलाय. मी नुसती मान हलवली, बोलायला हवा न्हवती.

मंग परत खट्, आन् बंद. जसं काय झालंच न्हाई.

डॉक्टरकडं गेले तवर सगळं शांत. त्यांनी ईसीजी काढला, चांगला आला. म्हनले, "ताई, टेन्शन घेता तुम्ही. रक्त जरा कमी आहे, गोळ्या देतो." त्यांचंबी काय चुकलं म्हना. चोर पळून गेल्यावर पोलीस आला तर त्येला काय दिसनार?

पन चोर परत येत हुता. पानी भरताना आला. ओवीला उचलताना आला. गाडीवर मागं बसल्याली असताना आला, तवा मी दत्ताचा सदरा इतका घट्ट धरला की त्येची गुंडी तुटली.

घड्याळ

दत्ता वाईट न्हाई. ते आदी लिवते, न्हाईतर तुमी त्येला शिव्या घालताल. त्येनंच माज्यासाठी घड्याळ आनलं, मनगटावर बांधायचं, काळीज किती ठोके मारतंय ते सांगनारं. खोक्यासकट माज्या हातात दिलं आन् म्हनला, "घे. आता तुजं डॉक्टर तुज्या हातावर." मी डाव्या हाताला बांधलं, समदे बांधत्यात तसं. बांगड्या वर सारल्या, घड्याळ खाली, बरूबर त्या काळ्या पानावर.

मंग एका दुपारी भाकरी थापताना सुरू झालं. मी परातीला धरून म्हनले, "आत्या, आलं बगा. आलं."

"काय आलं?"

दत्ता जेवत हुता, उष्ट्या हातानंच उठला. दुसऱ्या हातानं माजं मनगट धरलं आन् घड्याळात बगितलं. बगतच राह्यला. मंग हसला.

"अठ्ठ्याहत्तर. आई, बग हिचं, अठ्ठ्याहत्तर. माजं चार भाकरी खाऊन यापेक्षा जास्त आसंल."

"आवो, फुटतंय काळीज माजं."

"घड्याळ काय खोटं बोलतंय व्हय?" त्येनं माज्या हातातलं काढून सोताच्या हाताला बांधलं, गळ्याला बोटं लावून मोजलं. "बराबर हाय की. माज्या हातावर खरं आन् तुज्या हातावर खोटं? त्येला काय तुजा राग आलाय?"

जाऊ हसली. आत्या हसल्या. खरं सांगते, मीबी हसले, काळीज तसं उडत असताना हसले. आत्या म्हनल्या, "पळायचा कंटाळा आला आसंल तर तसं सांग की गं. आमी काय बंदूक लावून पळवतोय का तुला?"

त्या दिवसापास्नं घरात माजं ऐकायचंच बंद झालं. मी "आलं" म्हनले की समदे पयलं घड्याळाकडं बगायचे, मंग माज्या तोंडाकडं. घड्याळ म्हनायचं, हिला काई झालं न्हाई. कदी शहात्तर, कदी ब्याऐंशी, कदी नुसत्या रेघा. रेघा आल्या की दत्ता म्हनायचा, "नीट बांध." आन् सगळ्यात वाईट काय, बायांनो, मलाच माजं खोटं वाटाय लागलं. मला वाटलं भरतीचं भ्या बसलंय मनात. मी काळीज फडफडत असताना धुनं धुतलं. उठून दाखवलं.

मंग ते कॅनॉलवरचं. ओवीला अंगनवाडीतून आनत हुते, कॅनॉलच्या कडंची वाट, पानी सोडल्यालं, काठोकाठ. ओवी म्होरं म्होरं उड्या मारत चालल्याली. आन् खट्. पाय गेले. मी वाटंवर बसले, ओवीचा फ्रॉक मागून धरला, आन् ती वढत हुती, "चल ना मम्मी, चल ना." मला हाक मारायला आवाज न्हाई, आजूबाजूला कोन न्हाई, डोळ्यापुढं अंधार येतोय आन् जातोय. मी फ्रॉकची मूठ दाताखाली धरली. हो, दातात. हात सुटला तर दात सुटू न्हयेत म्हनून.

थांबलं तवा ओवी रडत हुती आन् फ्रॉकला भोक पडलं हुतं.

घरी येऊन दत्ताला म्हनले, "मला नगरला मोठ्या डॉक्टरकडं न्या."

तो म्हनला, "नेतो की. पन तितं जाऊन काय दाखवायचं? अठ्ठ्याहत्तर?"

त्येनं रागानं न्हाई म्हनलं. त्येला खरंच कळत न्हवतं काय दाखवायचं. पन मला तवा वाटलं, मी मेले तरी ह्ये माज्या मढ्याच्या हातावर बगतील आन् म्हनतील, बराबर चालू हाय.

पट्टा

मैदानावर सरांनी एकदा सगळ्यांना विचारलं, पळून आल्यावर ठोके किती. कोन म्हनलं एकशेऐंशी, कोन एकशेपंच्याऐंशी. मी म्हनले, "चौसष्ट."

सर थांबले. "किती?"

"चौसष्ट, सर."

"आठशे मारून आलीस आन् चौसष्ट? माझी म्हैस बसल्या जागी जास्त मारत असंल." पोरी हसल्या. सर न्हाई हसले. त्यांनी माजं मनगट वर धरून घड्याळ हलवून बगितलं. "हे जे तू मधी मधी बसतीस, त्या टायमाला हे काय दाखवतं?"

"असंच, सर. म्हनून तर घरात कोन ऐकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी एक कापडी पट्टा आनला, रबरावानी ताननारा, मदी सुपारीच्या डबीएवढी डबी. म्हनले, "हा छातीला बांधायचा, उराच्या खाली. घड्याळ उजेड पाडून कातड्याखालचं रक्त बघतं. हात हलला, सैल झालं, की गडबडतं. काही टायमाला ठोके सोडून पावलंच मोजतं. पट्टा काळजाची वीज पकडतो. मोबाईलला जोडून देतो. पाण्यानं ओला करून बांध, कोरडा असला की हाबी काहीबी दाखवतो. धुतलेला हाय. आन् घरच्यांला काय वाटलं तर माझ्याशी बोला म्हणावं."

घरच्यांला वाटलंच.

"परक्या बाप्याचा पट्टा?" आत्या म्हनल्या. "छातीला?"

"आत्या, पट्टा त्यांचा हाय, छाती माजी हाय."

"तोंड बग कसं चालतंय हिचं!"

"तोंड नीट चालतंय. काळीज चालत न्हाई, तिकडं बगा."

"आगं लोकं काय म्हनत्याल?"

"लोकांला ब्लाउजच्या आतलं कसं दिसतंय, ते इचारा आदी लोकांला."

जाऊबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. आत्या दिवसभर बोलल्या न्हाईत माज्याशी.  मी न्हानीत गेले, पट्टा पान्यात बुडवला आन् बांधला. अंगावर काटा आला, गार पानी छातीला.  भ्याले हुते मी, आत्यांना न्हवं. मला हे भ्या हुतं की हा पट्टाबी अठ्ठ्याहत्तर म्हनला तर? मंग मी कुठं जानार?

पट्टा बांधून रोज पळाले. आन् बगा कसं असतं, जे मला आठवड्यातून दोनदा खात हुतं, ते पट्टा बांधल्यावर येईचना. पळताना मोबाईलवर हळूहळू चढायचं, थांबलं की हळूहळू उतरायचं, एकदम शहान्या मानसाचं काळीज. जल्मात पयल्यांदा मी देवाला म्हनले, येऊ दे. ते वंगाळ येऊ दे.

मोज

आलं ते अंगनात आलं. मैदानावरून आले हुते, पट्टा तसाच बांधल्याला. दत्ता टेम्पोतून रिकाम्या किटल्या उतरवत हुता. मी एक उचलायला वाकले, आन् खट्.

किटली पडली, खनखन करत पार तुळशीपर्यंत गेली. मी मोबाईल काढला. दोनशेआठ. दोनशेदहा. मी बोलू शकत न्हवते, नुसता मोबाईल दत्ताच्या तोंडाम्होरं धरला. त्येनं सवयीनं माजं मनगट धरलं. घड्याळात शहात्तर.

एक डोळा हितं, एक डोळा तितं. आत्या वसरीवर उभ्या.

दत्ता म्हनला, "ह्यो पट्टाच बिघडलाय."

मंग मात्र, बायांनो, माजं डोकं फिरलं. मोबाईल टाकला मातीत. घड्याळ उपसून काढलं, तेबी टाकलं. दत्ताचा हात धरला आन् सोताच्या गळ्यावर दाबला, जबड्याच्या खाली, जितं ते फडफडत हुतं. आन् जेवढी हवा हुती तेवढ्यात म्हनले, "मोज."

तो मातीतल्या घड्याळाकडं बगाय लागला.

"तुज्या हातानं. मोज."

एरवी मी त्येला आवो-जावो करते. आत्यांसमोर त्येला अरे-तुरे केलं, ते पयल्यांदा. त्येनं मोजायला सुरवात केली. एक, दोन, चार... थांबला. परत सुरू केलं. परत थांबला. त्येचं तोंड बगता बगता पांढरं पडलं.

"आई," तो म्हनला, "मोजता येईना."

आत्या वसरीवरून उतरल्या.  माज्यासमोर बसल्या आन् डोकं वाकवून कान माज्या छातीला लावला, ओल्या पट्ट्याच्या वर, अंगनात, रस्त्यावरनं मानसं जात असताना. तसाच ठेवला. मंग त्यांनी दत्ताकडं वर बगितलं आन् वरडल्या, "बगतोस काय! टेम्पो काढ!"

टेम्पोत बसता बसता खट् झालं आन् थांबलं. मला वाटलं, गेलं आता, परत काय दाखवायचं. पन मातीतून मोबाईल उचलून जाऊबाईनं पळत पळत आनून दिला. त्यात सगळं हुतं. सरळ रेघ, एकदम कडा, वर सपाट, परत एकदम कडा. आमच्या हितल्या डोंगरावानी.

नगरच्या मॅडम

नगरला, आता अहिल्यानगर म्हनायचं पन तोंडात नगरच येतं, तितल्या काळजाच्या डॉक्टर मॅडमनी मोबाईल हातात घेतला.  त्या हसल्या असत्या तर मी तितंच बसून राह्यले असते, उठले नसते.

त्या म्हनल्या, "एक समजून घ्या, हा पट्टा म्हणजे ईसीजी नव्हे. पट्टाही चुकतो. यावरून मी आजाराचं नाव घेणार नाही. पण घाबरल्यावर ठोके असे एका झटक्यात चढत नाहीत आणि असे एका झटक्यात उतरत नाहीत. हे पकडायला हवं."

त्यांनी छातीला तारा चिकटवून एक डबी कमरंला दिली, घरी घेऊन जा म्हनल्या. हावरटावानी मी वाट बगितली. ह्यावेळी आलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागदावर बोट ठेवलं आन् म्हनल्या, "सापडलं."

त्या शब्दावर मी रडले. लोकं आजार सापडल्यावर रडत्यात, मी आनंदानं रडले. मी खरी हुते. एवढे दिवस मी खरी हुते.

मॅडम म्हनल्या, काळजात विजेची एक वाट जास्तीची हाय, जल्मापासूनची. कदी कदी वीज तितं शिरती आन् गोल गोल फिरत बसती. आत्या लगेच म्हनल्या, "जल्मापासून? मंग आमच्याकडं येऊन झालं न्हाई." मॅडमलाबी हसू आलं. "नाही आजी, तुमच्याकडे येऊन नाही झालं. पळण्यानंही नाही झालं."

मंग दत्तानं इचारलं, इतके दिवस त्येच्या पोटात हुतं ते. "मॅडम, मंग घड्याळ खोटं का बोललं? माज्या हातावर तर बराबर हुतं."

मॅडमनी माजा डावा हात पुढं घेतला. बांगड्या वर सारल्या. काळ्या पानावर अंगठा फिरवला. "घड्याळ इथेच बांधायचात का?"

"व्हय."

"त्याचा हिरवा उजेड कातडीतून आत जातो आणि परत येतो, त्यावरून ते मोजतं. इथे शाई इतकी दाट आहे की उजेड शाईतच मुरतो. त्याला आतलं दिसतच नव्हतं. मग ते अंदाजानं काहीतरी आकडा लावत राहिलं. साध्या कातडीवर बसून मोजलं असतं तर थोडं तरी बरं दाखवलं असतं. तरी इतके जलद ठोके मनगटावरच्या घड्याळाला नीट धरता येतीलच असं नाही." मंग त्यांनी सहज इचारलं, "एवढं काळं कशाला करून घेतलं?"

 दत्ता बुटाकडं बगत हुता.

आत्या म्हनल्या, "मी करून घेतलं. त्येच्या खाली हिचं नाव हाय."

आना

त्या जास्तीच्या वाटंच्या इलाजासाठी दवाखान्यात राह्यले तवाचं थोडं सांगते, कारन तुमालाबी जावं लागंल आन् मला कोनीच सांगितलं न्हवतं. सकाळी झाडू, मंग चहा, मंग सिस्टर येऊन प्रेशर बगनार. शेजारची मावशी तिच्या सुनेला शिव्या घालायची आन् तीच सून तिचे पाय चेपायची. तिनं मला अर्धं मोसंबं दिलं, मला काय खायचं न्हवतं तरी हातात धरून बसले, बरं वाटलं. ओवीला फोन केला तर ती बोललीच न्हाई, रुसली हुती.

आधारकार्डावर माजं नाव अजून काजलच. सिस्टर दारात येऊन म्हनली, "काजल कोण?" मला सोनालीची सवय, मी तशीच बसल्याली. आत्या खाटंच्या कडंवरनं उठल्या. "हितं. हितं हाय काजल."

आत नेताना आत्यांनी माज्या बांगड्या उतरवून सोताच्या हातात भरल्या. त्यांच्या जाड हातात जाईनात, तरी भरल्या.

आत गार खोली, मोठमोठे पडदे. मांडीच्या सांध्यातून बारीक तारा काळजापर्यंत नेत्यात आन् ती जास्तीची वाट जाळत्यात. पूर्न झोपवत न्हाईत, सगळं कळत असतं. मी लई भ्याले हुते. पन मॅडम म्हनल्या, "काजल, आता आम्ही तो झटका मुद्दाम आणणार आहोत. तो आल्याशिवाय वाट सापडत नाही. भिऊ नका, आम्ही सगळे इथेच आहोत."

इतके दिवस तो यायचा तवा मी एकटी असायचे. मानसांत असले तरी एकटीच. आता त्याला बोलावून आनत हुते आन् खोलीभर मानसं पडद्याकडं डोळे लावून बसली हुती.

मी म्हनले, "आना."

आन् खट्. पडद्यावर रेघा उड्या मारायला लागल्या. यंत्र वाजाय लागलं. मॅडमनी इचारलं, "हाच का तो?"

मला हवा न्हवती, तरी म्हनले. मोठ्यानं म्हनले. "व्हय. ह्योच त्यो."

आता

आता बरी हाय. मॅडमनी आराम करायला सांगितला तो केला, परत तपासलं, मंग पळायची मोकळीक दिली. गावात अजून म्हनत्यात, काळजाचं आपरेशन झाल्याली बाई पळती, हिला काय झालंय. म्हनू द्या. काई न्हाई झालं, तेच तर झालंय.

भ्या गेलं न्हाई पन. कदी मधीच एखादा ठोका चुकला की मी थांबते, हात छातीवर जातो. मॅडम म्हनल्या, एखादा चुकतोच, सगळ्यांचा चुकतो, तुम्ही फक्त ऐकायला शिकलाय.

घड्याळ दत्ताला दिलं. त्येच्या हातावर ते चांगलं चालतं, मी त्येला खोटं म्हननार न्हाई. चालताना, बसल्यावर, रोजच्याला ते बरं हाय. पन जोरात पळायचं, थांबायचं, परत पळायचं आसंल तर पट्ट्यावर माजा जास्त भरवसा. आन् पट्ट्यावरबी डोळे झाकून न्हाई. कोरडा असताना त्येनं मला एकदा जागच्या जागी दोनशेतीस दाखवलं, मी घाबरून बसले, मंग गळ्यावर हात ठेवला तर सगळं निवांत. पट्टा सैलबी झाला हुता. म्हनून आता मी पयलं सोताला इचारते, मंग बोटानं मोजते, मंग यंत्राकडं बगते. हीच शिडी. तुमच्या घरात कोन उलट्या शिडीनं चढत आसंल तर त्येचा हात धरा आन् सोताच्या गळ्यावर ठेवा. म्हना, मोज. न्हाई मोजता आलं तर तवाच उठा आन् मोठ्या डॉक्टरकडं चला. माजं औषध तुमचं औषध न्हाई, ते डॉक्टर सांगतील. पन तुमचं काळीज तुमचं हाय, त्येचं ऐकायला कुनाची परवानगी लागत न्हाई.

भरती निघायची हाय. निघंल तवा जानार. निवडतील का न्हाई म्हाईत न्हाई, पळनार मात्र नक्की.

सकाळी न्हानीत पट्टा बांधायला माजा हात मागं नीट पुरत न्हाई. आज आत्या आत आल्या. इचारलं न्हाई, काय न्हाई. बोटं पान्यात बुडवली, पट्टा आतून ओला केला, मागून वढून हुक लावला. मंग दोन बोटं आत घालून बगितली, घट्ट हाय का.

"सैल वाटतोय का गं, काजल?"

वसरीवरनं जाऊबाई वरडली, "काय म्हनलात, आत्या?"

"तुला न्हाई," आत्या म्हनल्या. "हिला म्हनते."

"न्हाई, आत्या," मी म्हनले. "बरूबर हाय."

"मंग जा. पळ."